बॅ. अंतुले यांची कारकीर्द, कचेरीतल्या टेबलावरून

तू विचारलं आहेस: "काका, मी प्रबंधासाठी माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले घेतलेत. म्हसळ्यात विचारलं तर लोक त्यांना देव मानतात. मुंबईच्या वर्तमानपत्रांची कात्रणं काढली की सिमेंट प्रकरणाशिवाय दुसरं काही सापडत नाही. तुम्ही पस्तीस वर्षं महसुलात काढलीत. मंत्र्याची एवढी लांब कारकीर्द मोजायची कशी, आणि सुरुवात कुठून करायची?"

सुरुवात कुठून करायची ते सोपं आहे, म्हणून ते आधी सांगतो. ग्रंथालयात त्यांचा जिल्हा म्हणून 'रायगड' शोधलंस तर तुला अर्धंच सापडेल. १ जानेवारी १९८१ च्या आधीचं सगळं 'कुलाबा' या नावाखाली आहे. १९७१ ची जनगणना कुलाब्याची, १९८१ ची रायगडची. १९६४ चं गॅझेटिअर कुलाब्याचं, आणि १८८३ चं जुनं इंग्रजी गॅझेटिअर 'कुलाबा आणि जंजिरा' असं जोडनावाचं. हे जोडनाव मुद्दाम सांगतोय. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा टापू १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात होता. या भागातला माणूस बॅरिस्टर होऊन येतो आणि १९६२ साली विधानसभेत जाऊन बसतो, तेव्हा संस्थान संपून जेमतेम चौदा वर्षं झालेली असतात. मुंबईच्या कात्रणांत हे तुला कुठेच मिळणार नाही.

आता मोजायचं कसं. माझ्यासारख्या माणसाने मत द्यावं की नाही, असं आधी वाटलं. मी पुढारी नाही, पत्रकार नाही. १९७९ ला कारकून म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. पण मंत्रालयात झालेली सही शेवटी जिथे येऊन पोचते ते टेबल माझं होतं. तिथून जे दिसलं तेवढंच लिहितो.

बॅरिस्टरसाहेब मुख्यमंत्री झाले ९ जून १९८० ला. पायउतार झाले जानेवारी १९८२ मध्ये. म्हणजे सगळे मिळून एकोणीस महिने. पहिली आमदारकी १९६२ ची, आणि शेवटची निवडणूक हरले ती २००९ ची. सत्तेचाळीस वर्षांच्या राजकारणातल्या या एकोणीस महिन्यांवरच दोन्ही बाजू भांडतात. देव म्हणणारेही तेवढंच सांगतात, आणि सिमेंट म्हणणारेही. तुझ्या प्रबंधाचा पहिला भाग बाकीच्या वर्षांना दे, एवढं माझं ऐक.

कारण मुख्यमंत्री होण्याआधी ते बरीच वर्षं मंत्री होते. कायदा व न्याय, बंदरं, मत्स्यव्यवसाय ही खाती राज्यमंत्री म्हणून त्यांच्याकडे होती. पुढे इमारती व दळणवळण आणि गृहनिर्माण आलं. इमारती व दळणवळण म्हणजे आजचं सार्वजनिक बांधकाम. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून त्याला 'बी अँड सी' म्हणतात. कोकणातल्या माणसाच्या हाती बंदरं आणि रस्ते येणं म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकाला समजावून सांगावं लागेल. आपल्याकडे दर वीस-पंचवीस किलोमीटरला खाडी आडवी येते. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण तिथे जायचं म्हणजे तरीवरची होडी पकडायची, नाहीतर महामार्गापर्यंत मागे जाऊन वळसा घालायचा. आंबेत हे त्यांचं गाव, सावित्रीच्या खाडीवर. पलीकडे म्हाप्रळ, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. आंबेत-म्हाप्रळ पुलाला लोक अजूनही अंतुल्यांचा पूल म्हणतात. मधल्या काळात तो दुरुस्तीसाठी बंद पडला आणि पुन्हा फेरीबोट सुरू करावी लागली, तेव्हा पूल नसताना लोक कसे जगत असतील ते तरुण पिढीला प्रथमच कळलं.

रेवसपासून रेड्डीपर्यंत समुद्राच्या कडेने एकच रस्ता न्यायचा, ही कल्पनाही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कल्पना केवढी मोठी होती ते रस्ता अजून पुरता झालेला नाही यावरून कळतं. धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड, एकेक खाडी म्हणजे एकेक वेगळा प्रकल्प. बागमांडले-बाणकोट पुलाचे खांब कित्येक वर्षं पाण्यात अर्धवट उभे आहेत. वेसवीच्या फेरीबोटीतून जाताना ते बघ. पाहिलेलं स्वप्न आणि प्रत्यक्ष झालेलं काम ही दोन वेगळी खाती आहेत. मंत्र्याच्या जमेला फक्त झालेलं काम धरावं, असं मी पूर्वी म्हणत असे. आता तसं वाटत नाही. रेवस-रेड्डी हे दोन शब्द एकत्र उच्चारले गेले, म्हणून पुढच्या प्रत्येक सरकारला त्यांचं उत्तर द्यावं लागलं. हेही एक प्रकारचं कामच आहे.

आता एकोणीस महिन्यांकडे येतो.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा मी नोकरीत नवा होतो. शिवछत्रपतींच्या निधनाला १९८० मध्ये तीनशे वर्षं झाली होती, त्या भावनेच्या लाटेत कुलाब्याचं रायगड झालं. कचेरीत त्याचा अर्थ इतकाच की शिक्के बदलायचे. नवे शिक्के येईपर्यंत आम्ही छापील कागदांवर 'कुलाबा' खोडून वर शाईने 'रायगड' लिहीत होतो. एक आजोबा उताऱ्यासाठी आले आणि कागद बघून घाबरले. "आमचा जिल्हा बदलला म्हंजी आता कचेरीला दुसरीकडं जायचं का?" मी त्यांना सांगितलं, आजोबा, कचेरी इथेच, जमीनही तुमचीच, नावच तेवढं महाराजांच्या गडाचं झालं. त्यांनी कागद कपाळाला लावला. नाव बदलून पोट भरत नाही असं म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या कपाळाला लावलेल्या कागदाचंही काहीतरी मोल धरायला हवं. एक मजेदार गोष्ट नोंदवून ठेव: जिल्ह्याचं रायगड १९८१ ला झालं, पण लोकसभा मतदारसंघाचं नाव २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत कुलाबाच राहिलं. म्हणजे रायगड नाव देणारे अंतुले १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ ला खासदार झाले ते कुलाब्याचे. आणि पहिल्यांदा 'रायगड' नावाच्या मतदारसंघातून लढले २००९ ला, तेव्हा अनंत गीते यांच्याकडून हरले.

सिंधुदुर्गाची गोष्ट मात्र नुसत्या नावाची नव्हती. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून तो जिल्हा वेगळा काढला, त्याच दिवशी मराठवाड्यात जालना झाला. त्याआधी सावंतवाडीच्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यापुढे अपिलासाठी उभं राहायचं तर दीडशे किलोमीटरहून जास्त एस.टी.ने रत्नागिरी गाठावी लागे. एक दिवस जायला, एक सुनावणीला, एक परतायला, आणि सुनावणी पुढे ढकलली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. जमिनीच्या दाव्यात गरीब पक्षकार हरतो तो पुष्कळदा कायद्याने हरत नाही, एस.टी.च्या भाड्याने हरतो. हे मी नोकरीभर पाहिलं. ओरोसला माळरानावर नवं मुख्यालय उभं राहिलं, पुढे वैभववाडी आणि दोडामार्ग हे तालुके झाले. तळकोकणातल्या माणसाच्या लेखी हा एक निर्णय कितीतरी पुलांच्या तोडीचा आहे.

आणि संजय गांधी निराधार अनुदान योजना. हे टेबल मी सलग काही वर्षं सांभाळलं, म्हणून इथे जरा थांबतो.

१९८० साली ही योजना आली तेव्हा विधवा, अपंग, टाकून दिलेल्या बायका, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले यांना सरकार दर महिन्याला रोख पैसे देणार, यावर आमच्या कचेरीतल्या जुन्या कारकुनांचासुद्धा विश्वास बसला नव्हता. तोवर सरकार म्हणजे सारा वसूल करणारं. तेच सरकार आता मनिऑर्डर पाठवणार! धनगरवाड्यांवरून, कातकरी वाड्यांवरून बायका चालत येत. वयाचा दाखला नाही, नवरा मेल्याची नोंद नाही, रेशनकार्डावर नाव सासऱ्याच्या घरात. आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडून वयाचा दाखला आणायला सांगायचो. तो आणायला पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडायची. तरीही त्या यायच्या. २०२३ मध्ये ते अनुदान महिन्याला दीड हजार झालं, आणि आता ते थेट बँकेत जमा होतं. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा मात्र, अपंग सोडले तर, वर्षाला एकवीस हजार, म्हणजे दिवसाला साठ रुपयांच्या आतबाहेर, इतकी आखूड ठेवलेली आहे की खरं उत्पन्न लिहिणारा कोणीही त्यात बसणार नाही. हा दोष अंतुल्यांचा नाही, त्यांच्यानंतर आलेल्या सगळ्यांचा आहे.

पण योजनेच्या कारभारातली दुसरी बाजूही मी पाहिली आहे. मी टेबलावर होतो त्या काळात अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीत अशासकीय सदस्य असत, आणि ते सत्तेतल्या पक्षाच्या मर्जीतले असत. एका तालुक्यात (नाव लिहीत नाही) एका विधवेचा अर्ज तीन बैठका मागे पडत गेला. कागद पूर्ण होते. तिची वाडी दुसऱ्या पक्षाला मत देते, एवढंच कारण होतं. मला ते ठाऊक होतं आणि मी बैठकीत तोंड उघडलं नाही. चौथ्या बैठकीत मंजुरी मिळाली. मधले महिने तिने कसे काढले ते मी कधी विचारलं नाही, आणि ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही. मंत्र्याने दिलेली योजना शेवटी माझ्यासारख्या कारकुनाच्या धैर्याएवढीच चांगली असते. हे तुझ्या प्रबंधात कुठे बसत असेल तर बसव.

आता सिमेंट. हे टाळून तू पुढे जाऊ नकोस, आणि कुणी 'ते विरोधकांचं कारस्थान होतं' म्हणालं तर तेवढ्यावर सोडूनही देऊ नकोस.

त्या काळी सिमेंट बाजारात हवं तितकं मिळत नसे. भाव सरकार ठरवी, वाटप सरकार करी, घर बांधायचं तर परमिट लागे. आमच्या तहसिलीत चार-पाच पोत्यांसाठी लोक हेलपाटे घालत. मुंबईत हेच परमिट हजारो पोत्यांचं असे. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान नावाचा न्यास काढला गेला, आणि बांधकाम व्यावसायिकांनी त्याला दिलेल्या देणग्यांचा सिमेंटच्या वाटपाशी संबंध आहे, असा आरोप झाला. इंडियन एक्सप्रेसमध्ये अरुण शौरी यांनी १९८१ मध्ये हे प्रकरण बाहेर काढलं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी तो संबंध असल्याचा निष्कर्ष दिला आणि मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. त्यानंतर महिना-दीड महिन्यात, फेब्रुवारीच्या अखेरीस, केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. परमिटची टंचाई आणि परमिट देणारा मंत्री, ही जोडगोळी ध्यानात ठेव. टंचाई नसती तर देणगीही नसती.

खटल्याचं पुढचं वाचायचं तर वकिलाच्या मदतीने वाच. भाजपचे रामदास नायक फिर्यादी होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पद सुटल्यावर खटल्यासाठी मंजुरी लागत नाही. त्याच निकालात खटला थेट उच्च न्यायालयाकडे पाठवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते पाठवणं चुकीचं ठरवलं: कायद्याने विशेष न्यायाधीश नेमलेले असताना आरोपीचा तो हक्क आणि त्यासोबतचं अपील कोर्टाने हिरावून घेऊ नये, आणि कोर्टाच्या चुकीने कुणाचं नुकसान होऊ नये. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे दोन्ही निकाल आजही शिकवतात. म्हणजे एका बॅरिस्टर मुख्यमंत्र्याचं नाव कायद्याच्या पुस्तकांत कायमचं राहिलं, ते आरोपी म्हणून.

लोक या सगळ्यातून दोन अंतुले करतात. एक निराधारांचा, एक सिमेंटचा. मला मात्र तो एकच माणूस दिसतो, आणि माझं उत्तर काय ते इथे आहे. निर्णयाचा वेग हाच त्यांचा स्वभाव. सिंधुदुर्गाची मागणी वर्षानुवर्षं फायलीत होती. त्यांनी अहवालांची वाट न बघता ती पुरी केली. निराधारांची योजना खजिन्याला परवडेल का, या प्रश्नापाशी दुसरा कोणी दहा वर्षं थांबला असता. कलावंतांना, साहित्यिकांना मदत करण्यासाठी न्यास उभारायचा तर पैसे कुठून, कसे, कोणाच्या सहीने, हे विचारायला थांबणंही त्यांच्या स्वभावात नव्हतं. नावंही बघ. निराधार योजनेला संजय गांधींचं नाव, ते विमान अपघातात गेले २३ जून १९८० ला, म्हणजे अंतुले खुर्चीवर बसल्यावर दोन आठवड्यांत. न्यासाला इंदिराजींचं नाव. चांगल्या कामाचं आणि अंगाशी आलेल्या कामाचं नाव एकाच घरातलं.

त्याचं कारण कोकणाच्या राजकारणात आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यामागे साखर कारखाना असतो, जिल्हा बँक असते, त्यांचे संचालक असतात, आणि त्यांतून आमदार असतात. आपल्याकडे ऊस नाही. अलिबाग, पेण, पनवेल, उरण हा पट्टा तर शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला होता. नारायण नागू पाटील, दत्ता पाटील, दि. बा. पाटील असे नेते समोर. दि. बा. कधी मंत्री झाले नाहीत, पण १९८४ च्या जानेवारीत, नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या उरणच्या शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्यावर त्या जमिनीच्या साडेबारा टक्के परत मिळण्याचा हक्क मिळाला तो त्यांच्या लढ्यातून. मंत्रिपदाची वर्षं मोजून माणूस मोजू नये, म्हणून हे लिहिलं. अशा जिल्ह्यात काँग्रेसवाल्याला आधार दिल्लीचा. १९७८ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा यशवंतराव, वसंतदादा असे राज्यातले बडे नेते इंदिराजींच्या विरुद्ध बाजूला होते, आणि अंतुले मात्र इंदिराजींबरोबर राहिले. मुख्यमंत्रिपद त्याचं फळ. पण दिल्लीने दिलेलं पद दिल्लीचा हात निघताच जातं. मागे उभे राहणारे स्वतःचे आमदार नव्हते.

हे फक्त त्यांचंच नाही. अंतुले, मनोहर जोशी, नारायण राणे. कोकणातले हे तिन्ही मुख्यमंत्री पक्षाच्या एका सर्वोच्च नेत्याच्या शब्दाने आले, आणि पाच वर्षं एकालाही पुरी करता आली नाहीत. तुला प्रबंधाला स्वतःचा मुद्दा हवा असेल तर हा घे आणि तपासून बघ. खोटा ठरला तर तसं लिही.

पुढच्या काळाबद्दल थोडक्यात. १९९५-९६ ला नरसिंह राव सरकारात केंद्रीय आरोग्यमंत्री. १९९८ आणि १९९९ ला कुलाब्यातून शेकापचे रामशेठ ठाकूर निवडून आले, २००४ ला पुन्हा अंतुले. २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक खातं नवं निघालं, त्याचे पहिले मंत्री तेच. त्याच वर्षी देशातल्या मुसलमानांच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल आला आणि पुढे अल्पसंख्याक मुलांच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. त्यासाठी लागणारे उत्पन्नाचे दाखले घ्यायला म्हसळा-श्रीवर्धनकडच्या मुलींची रांग आमच्या खिडकीवर लागलेली मी पाहिली आहे. २००८ च्या डिसेंबरमध्ये, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी त्यांनी जाहीर शंका काढली, ती मला त्यांची मोठी चूक वाटली आणि आजही वाटते. पुरावा नसताना, देश दुःखात असताना, मंत्र्याने तसं बोलायचं नव्हतं. इथेही तोच वेग.

एक गोष्ट मुंबईचा लेखक लिहिणार नाही, तू लिही. महाराष्ट्राचा मुसलमान मुख्यमंत्री आजवर तेवढा एकच झाला, आणि त्याला पहिल्यापासून निवडून दिलं ते कुणबी, मराठा, कोळी, मुसलमान अशा मिश्र वस्तीच्या खेड्यांनी. ते भाषणात शिवरायांचं नाव घेत, भवानी तलवार इंग्लंडहून आणीन म्हणत, आणि समोरचे कुणबी टाळ्या वाजवत. तलवार आली नाही. पण त्या टाळ्यांत मला कधी संशय ऐकू आला नाही.

कामाला लागताना गौरव अंक आणि निषेधाची पत्रकं दोन्ही शेवटी उघड. आधी विधानभवनाच्या ग्रंथालयात सभागृहाचं कार्यवृत्त काढ. मंत्री भाषणात काय बोलला त्यापेक्षा तारांकित प्रश्नाला काय उत्तर दिलं ते वाच, तिथे खात्याची खरी स्थिती सापडते. मग राजपत्रातल्या अधिसूचना, मग न्यायालयाचे निकाल मुळातून. आणि माणसांना भेटताना फक्त काँग्रेसच्या जुन्या कार्यकर्त्यांना भेटू नकोस. शेकापच्या म्हाताऱ्यांना भेट, ते विरोधक असूनही काय काय मान्य करतात ते ऐक. निवृत्त तलाठ्यांना भेट. आंबेतच्या तरीवर काम केलेलं कोणी हयात असेल तर सगळ्यांआधी त्यांना गाठ, कारण २ डिसेंबर २०१४ ला बॅरिस्टर गेले आणि त्यांच्या पिढीची माणसंही आता झपाट्याने चालली आहेत.

माझ्याकडे १९८१ चा एक जुना छापील फॉर्म आहे. वर 'जिल्हा कुलाबा' छापलेलं, त्यावर निळ्या शाईची आडवी रेघ, आणि शेजारी माझ्याच हस्ताक्षरात 'रायगड'. माणगावला आलीस की घेऊन जा, प्रबंधात लावायला उपयोगी पडेल.